दोन वार आणि तीन वार यांच्यामधलं मन

एका संग्राहकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "लिलावाला जाताना आकडा ठरवून जातो आणि दर वेळी तो ओलांडतो. वस्तू हातची गेली की दोन दिवस कशात लक्ष लागत नाही. मिळाली तर त्याच रात्री 'एवढे कशाला घातले' असं वाटतं. मग या छंदात आनंद मिळायचा तरी कधी? की माझा स्वभावच लिलावाचा नाही?"

स्वभावाकडे नंतर येऊ. हरल्यावर दुःख आणि जिंकल्यावरही दुःख, ही दोन वेगळी दुखणी वाटतात. मी जे पाहत आलोय त्यावरून बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींचं मूळ एकच असतं. ठरवून नेलेला आकडा ही मर्यादा नसतेच. 'एवढ्यात मिळालं तर काय मजा येईल' असा तो आकडा असतो. ती झाली अपेक्षा. अपेक्षेला मर्यादा म्हणून खिशात घालून नेलं की ती ओलांडली जाणारच, कारण अजून थोडं परवडतं आणि अजून थोडं द्यायची तयारीही आहे, हे आतून ठाऊक असतं. पहिल्यांदा ओलांडली की पुढे कुठे थांबायचं हे ठरलेलंच नसतं. तिथून पुढचा प्रत्येक टप्पा तुम्ही छातीत धडधड सुरू असताना, दोन-तीन सेकंदांत ठरवता.

माझ्या अनुभवातला याचा पुरावा सांगतो. टपाल तिकिटं आणि नाणी यांच्या लिलावांत मी स्वतःसाठी बोली लावत आलो आहे, तशी इतरांच्या वतीनेही लावली आहे. दुसऱ्याने कागदावर आकडा लिहून दिलेला असला की हात थरथरत नाही. सभागृह तेच, लॉटही (एका क्रमांकाखाली विकायला ठेवलेली वस्तू) तितकाच सुंदर, समोरचे प्रतिस्पर्धीही तेच. आकडा संपला की पॅडल, म्हणजे बोलीसाठी वर धरायची नंबराची पाटी, खाली. ना हुरहूर, ना चुटपुट. म्हणजे सगळी धडधड काही त्या वातावरणातून येत नाही. बरीचशी न घेतलेल्या निर्णयातून येते.

तेव्हा आधी आकड्याचं बोलू.

स्वतःला दोन प्रश्न विचारायचे, तेही लिलावाच्या आदल्या दिवशी, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना. हा लॉट अमुक आकड्याला दुसऱ्याला गेला, तर मला चुटपुट लागेल का? लागणार असेल तर आकडा अजून कमी आहे, वाढवा. आता उलट: याच आकड्याला तो मलाच पडला, तर पोटात गोळा येईल का? येणार असेल तर आकडा जास्त झालाय, उतरवा. दोन्ही प्रश्नांना 'नाही, चालेल' असं उत्तर येतं ती जागा सापडेपर्यंत वरखाली करत राहायचं. खऱ्या मर्यादेची खूण हीच की तिथे वस्तू मिळाली काय आणि गेली काय, तुमचं पारडं जवळजवळ सारखंच राहतं. बहुतेकांनी ही कसरत केली की त्यांचा नेहमीचा आकडा बराच वर सरकतो आणि त्यांना धक्का बसतो. बसू दे. तो धक्का घरी बसलेला बरा.

हा आकडा नेहमी सगळा खर्च धरून असावा. सोदबीज आणि क्रिस्टीज या दोन मोठ्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये खरेदीदाराकडूनही टक्केवारी घ्यायला सुरुवात केली आणि आज बायर्स प्रीमियम जवळजवळ सगळीकडे आहे. त्यावर कर आणि पाठवणीचा खर्च. एकूण १,२०० द्यायची तयारी असेल आणि प्रीमियम २० टक्के असेल, तर हातोड्याचा आकडा, म्हणजे सभागृहात बोलायची शेवटची बोली, १,००० आहे, बाकीचे खर्च धरले तर त्याहूनही कमी. जिंकल्याच्या रात्री होणारा पश्चात्ताप पुष्कळदा या बिलातून आलेला असतो. सभागृहात बोलले जाणारे आकडे हलके वाटतात, कारण ते अपुरे असतात.

अजून एक बारीक गोष्ट, जिच्यावर मर्यादा सगळ्यात जास्त वेळा मोडतात. बोली टप्प्याटप्प्याने चढते आणि टप्पे आळीपाळीने वाटले जातात. तुमचा शेवटचा आकडा १,००० आहे, टप्पा ५० चा आहे आणि ९५० वर बोली तुमची आहे. मग समोरचा म्हणतो १,०००. तुमची मर्यादा त्याच्या तोंडी पडली! लिलावकर्ता आता तुमच्याकडे १,०५० साठी बघतोय. अशा वेळी वाटतं की आपल्याला आपला आकडा बोलायची संधीच मिळाली नाही, एक पायरी अजून चढायचा आपला हक्कच आहे. एकदा चढलं की पुढच्या पायरीलाही तोच युक्तिवाद. याचा निकाल आधीच लावून ठेवायचा: पाळी चुकली तर एक टप्पा जास्त, एकदाच, किंवा अजिबात नाही. दोन्ही नियम चांगले आहेत. वाईट फक्त तो, जो तिथे बसल्यावर सुचतो. शिवाय गोल आकड्यावर थांबू नका. १,००० वर सगळेच थांबतात. टप्पे परवानगी देत असतील तर एक पायरी वर किंवा एक पायरी खाली थांबा, म्हणजे 'एका टप्प्याने गेलं' हे दुःख तरी कमी वेळा वाट्याला येईल.

खरी मर्यादा लिहून दिली तर लिलावगृह किंवा वेबसाइट आपल्याला तिथपर्यंत चढवेल, अशी भीती अनेकांना असते. प्रामाणिक ठिकाणी तसं होत नाही. तुमची लेखी बोली दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक टप्पा वर, एवढ्यावरच थांबते. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं की जिंकणारा जर दुसऱ्या क्रमांकाची किंमत देणार असेल, तर प्रत्येकाने आपला खरा आकडा सांगणं हेच त्याच्या हिताचं असतं. १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. गंमत अशी की टपाल तिकिटांच्या लिलावांत ही पद्धत निदान १८९३ पासून वापरात होती. ज्यांना सभागृहात येणं जमत नव्हतं, त्यांच्या पत्राने आलेल्या बोली तशाच चालवल्या जात. सिद्धांत मांडला जाण्याच्या कितीतरी आधी तिकीटवाल्यांनी तो वापरून झिजवला होता. मग आजही लोक लेखी बोली का देत नाहीत? मला वाटतं, त्यांना लिलाव बघायचा असतो. आणि बघायला काहीच हरकत नाही. लेखी बोली देऊन मागच्या रांगेत बसा.

आता आकडा ठरवायच्या आधीचं. मन तिथेच पहिल्यांदा वाकतं आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

कॅटलॉग आला, एक पान दुमडलं गेलं, आणि त्या क्षणापासून वस्तू थोडी थोडी आपली व्हायला लागते. अल्बममधली रिकामी जागा डोळ्यांसमोर येते. काहीजण तर संग्रहातल्या इतर नाण्यांची जागा हलवून ठेवतात. आपल्या ताब्यातल्या वस्तूची किंमत माणूस जास्त लावतो, हे कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साध्या कॉफीच्या मगांवर दाखवलं: मग हातात आलेल्यांनी मागितलेली किंमत ही मग नसलेल्यांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट निघाली. लिलावात गंमत अशी की वस्तू मिळायच्या आधीच हे सुरू होतं. कॉफीचा मग जास्त वेळ हातात धरून पाहिलेले लोक नंतर लिलावात जास्त बोली लावतात, असा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपण तर लिलावापूर्वीच्या पाहणीत लॉट भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बसतो!

म्हणून पाहणी टाळायची का? मुळीच नाही. चित्रात न दिसणारी घडी, घासलेली कड, नव्याने लावलेला डिंक, पॉलिश केलेलं नाणं, हे सगळं हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पण पाहणीला जाताना दोष शोधायला जा. मी लॉटच्या नोंदीत आधी दोषच लिहितो, एखादाही सापडला नाही तर तसं लिहितो, आणि मगच आकडा. प्रेमात पडून आकडा लिहिला की दोष लहान दिसायला लागतात. कॅटलॉगमधली अंदाजित किंमतही या वेळी झाकून ठेवावी. ती मुद्दाम खाली धरलेली असू शकते, कारण स्वस्त दिसणारा लॉट जास्त लोकांना उभं करतो आणि उभा राहिलेला माणूस सहजासहजी बसत नाही.

सभागृहात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ते भोगलं आहे. हवा असलेला लॉट जवळ येतो तसं तोंडाला कोरड पडते. आधीच्या लॉटना किती पडले याच्यावरून मन भाकितं करायला लागतं. पहिली बोली आपण लावू नये असं ठरवलेलं असतं आणि तरी हात वर जातो. मग चार-पाच जण गळतात आणि दोघं उरतात.

इथे लिलावाचं रूप पालटतं. गर्दीतून वाढणारी बोली ही बाजारभावाची गोष्ट असते, तिच्याकडे निदान बातमी म्हणून बघता येतं. दोघं उरले की ती माणसाची गोष्ट होते. तो निळ्या सदऱ्यातला. त्याला काय कळतं यातलं! वस्तू मागे पडते आणि आपण इरेला पेटतो. या टप्प्यावर माणसं वस्तूकडे बघत नाहीत, एकमेकांच्या मानेकडे बघतात. मी शिकवायला बसलो असतो तर एवढंच शिकवलं असतं की प्रतिस्पर्धी दिसणार नाही अशा जागी बसा. मागे बसणारे म्हणतात की सगळं दिसलेलं बरं. व्यापाऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे, त्यांना कोण काय घेतंय ही माहिती लागते. तुम्हाला ती लागत नाही. पुढच्या रांगेत बसा. समोर फक्त लिलावकर्ता.

आणि तो लिलावकर्ता आपलं काम करतो आहे, हे कधी विसरू नका. 'बोली तुमच्याविरुद्ध आहे' हे वाक्य तो किती मायेने उच्चारतो! त्यात नुसती माहिती नसते. ते ऐकलं की जणू आपल्याजवळचं काही काढून घेतलं जातंय असं वाटतं. न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी २००८ मध्ये यावर एक नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सांगितलं की लिलाव जिंकलात तर वर ठरावीक रक्कम बक्षीस. काहींना तीच रक्कम आधीच दिली आणि सांगितलं की हरलात तर परत घेऊ. हिशेबाने दोन्ही सारखंच. पण 'परत घेऊ' ऐकलेल्यांनी चढ्या बोली लावल्या. जिंकण्याच्या आनंदापेक्षा हरण्याची धास्ती बोली जास्त चढवते. दोन वार म्हटल्यावर तीन वार म्हणेपर्यंत तो जो श्वास घेतो, तो नेमका या धास्तीसाठी असतो.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्रेता वस्तू विकत नाही ती, गाठेपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने स्वतःच बोली चढवू शकतो, हेही अनेक ठिकाणी नियमांत बसतं आणि कॅटलॉगच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर इरेला पेटलाय तो कदाचित सभागृहात नसेलच. यावर चिडण्यापेक्षा ते पान वाचून जा.

जाता जाता एक जुनी गोष्ट. रोमन सम्राट कॅलिगुलाच्या एका लिलावात अपोनियस सॅटर्निनस नावाचे गृहस्थ बसल्या जागी डुलक्या घेत होते. सम्राटाने लिलावकर्त्याला बजावलं की यांच्याकडे लक्ष असू द्या, ते सारखी होकाराची मान हलवताहेत. जाग आली तेव्हा त्यांच्या नावावर १३ ग्लॅडिएटर पडले होते, ९० लाख सेस्टर्सना (सेस्टर्स हे रोमन नाणं). रोमन चरित्रकार स्युटोनियसने हे लिहून ठेवलं आहे. निदान आपण जागे राहून घेतो.

रोमनांचीच दुसरी गोष्ट मात्र कामाची आहे. इ. स. १९३ मध्ये सम्राट पर्टिनॅक्सला मारून त्याच्या अंगरक्षक दलाने साम्राज्याचाच लिलाव केला. छावणीच्या आत पर्टिनॅक्सचा सासरा सल्पिशियानस, बाहेर डिडियस जुलियानस. दर सैनिकामागे बोली चढत चढत २०,००० सेस्टर्सवर आली. जुलियानसने हळूहळू वाढवायचं सोडून एकदम ५,००० ची उडी घेतली, ओरडून आणि बोटांनी दाखवून. समोरचा गप्प झाला. जुलियानस सम्राट झाला आणि ६६ दिवसांत मारला गेला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये 'साल्वातोर मुंडी' हे चित्र विकलं गेलं तेव्हाही शेवट असाच झाला: सुमारे १९ मिनिटांच्या लिलावात बोली ३७ कोटी डॉलरवर होती, तिथून थेट ४० कोटी. हातोडा पडला. प्रीमियम धरून ४५ कोटींच्या वर.

अशी उडी समोरच्याचं अवसान घालवते. तुमच्यावर ती कुणी मारली तर लक्षात घ्या की त्याचा खिसा तळाशी आला असण्याची शक्यता आहे आणि तो अथांग असण्याचीही. दोन्हींतलं काय, हे कळायचा मार्ग नाही. म्हणून उडीचा अर्थ लावत बसू नये. आपल्या आकड्याच्या आत असेल तर पुढचा टप्पा बोलावा, नसेल तर पॅडल खाली. आणि स्वतः उडी मारावी का? मी क्वचितच मारतो. समोरच्याला घाबरवण्याच्या नादात माणूस पुष्कळदा मधले दोन-तीन टप्पे फुकट देऊन टाकतो.

ऑनलाइन लिलावात घाम दिसत नाही, एवढाच फरक. तिथे वेळ लांबवर पसरलेला असतो आणि तोच घात करतो. आठवडाभर 'सर्वोच्च बोली तुमची' असं पडद्यावर दिसत राहिलं की आपण मनाने मालक झालेले असतो. मग शेवटच्या मिनिटाला कुणी वर गेला की चोरी झाल्यासारखं वाटतं. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की ठरल्या क्षणाला बंद होणाऱ्या ईबेवर शेवटच्या क्षणी बोली लावणारे भरपूर होते, आणि उशिरा बोली आली की वेळ वाढवून देणाऱ्या ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत ते खूपच कमी होते. म्हणून आधी नियम बघा. वेळ ठरलेली असेल तर खरा आकडा शेवटी शेवटी एकदाच टाका आणि आठवडाभर मालक बनू नका. वेळ वाढत जाणारी असेल तर ते सभागृहच आहे असं समजा आणि खरा आकडा आधीच टाकून झोपा. 'तुमची बोली मागे पडली' असे इशारे बंद करून टाका. ते तुमच्या सोयीसाठी पाठवले जातात यावर माझा विश्वास नाही.

आता हरण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली खरी कळ तिथे आहे.

हरणं सगळं सारखं नसतं. आपल्या आकड्याच्या दुप्पट जाऊन लॉट गेला तर फारसं लागत नाही, कोल्ह्याची द्राक्षं म्हणून सोडून देता येतं. एका टप्प्याने गेला की तो आठवत राहतो. 'अजून एकदा हात वर केला असता तर...' पण इथे मन एक गोष्ट सोयीने गाळतं. एका टप्प्याने हरलात याचा अर्थ समोरचा फक्त एकच टप्पा जास्त देणार होता, असा होत नाही. तो कुठपर्यंत गेला असता हे तुम्हाला कधीच दिसत नाही. जिंकणाऱ्याची खरी मर्यादा लिलावात उघडी पडतच नाही, फक्त हरणाऱ्यांची पडते. तुम्ही अजून एकदा हात वर केला असता तर बहुधा एवढंच झालं असतं की तो अजून एक टप्पा वर गेला असता.

तिसरं हरणं सगळ्यात कडू: बोली लावायचीच राहून गेली. लॉट नंबर चुकला, इंटरनेट गेलं, तारीख उलटली. याला सांत्वन नाही. व्यवस्था लावा, बस.

दुःखाचं मोजमाप एका प्रश्नाने होतं: ही वस्तू परत कधी येईल? 'आता परत नाही' हे सभागृहात सगळ्यांना वाटतं. त्याचा आधीच शोध घेता येतो. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल बघता येतात. तेच तिकीट किंवा नाणं, तीच टांकसाळ, तसाच दर्जा, गेल्या काही वर्षांत किती वेळा आला ते मोजा. दरवर्षी येत असेल तर 'शेवटची संधी' हा शब्द मनातून काढून टाका आणि मर्यादा निवांतपणे बाजारभावाजवळ ठेवा. खरोखर क्वचित येणारी असेल तर मर्यादा वर न्या, पण घरी बसून न्या. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं मॅजेंटा तिकीट जगात एकच आहे. १९८० मध्ये ते जॉन ड्यू पाँ यांनी घेतलं आणि पुन्हा लिलावात आलं ते थेट २०१४ मध्ये. १९८० साली जो दुसरा राहिला त्याची हळहळ खरी होती. आपल्यापैकी बहुतेकांची तशी नसते, फक्त तेवढीच तीव्र असते.

हरल्यानंतरचा धोका पुढच्या लॉटमध्ये असतो. पैसे बाजूला काढलेले, अंगात आवेश भरलेला, हात मोकळा. मग तीन लॉटनंतर येणारी, कधीही यादीत नसलेली वस्तू माणूस घेऊन टाकतो, आणि चढ्या भावाने घेतो. उट्टं काढायला. घरी आल्यावर ती कोणत्या अल्बममध्ये घालायची हेच कळत नाही. मी बघितलेल्या सर्वांत वाईट खरेद्या अशा आहेत. उपाय रुक्ष आहे: यादीत खूण नसलेल्या लॉटला बोली नाही, आणि मोठा लॉट गेला की उठून बाहेर एक फेरी मारायची.

कोण जिंकलं म्हणून संशय घेत बसणंही हरण्याचाच भाग आहे. कधी संशय खराही ठरतो. उत्तर अमेरिकेत १९९० च्या दशकात तिकिटांच्या व्यापाऱ्यांची टोळी होती. ते आधी आपापसात ठरवत आणि मग लिलावात एकमेकांविरुद्ध बोली टाळत. पण अशा टोळीने भाव उतरतात आणि मार विक्रेत्याला बसतो. तुम्ही हरलात ते तिच्यामुळे असेलच असं नाही. खोट्या बोलींनी भाव चढवल्याचा संशय पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येत असेल तर तिथे जाणं बंद करा. पण 'मी ओलांडलं कारण त्यांनी चढवलं' हे कारण म्हणून वापरू नका. चढवणाऱ्यालाही तुमच्या खऱ्या मर्यादेच्या पुढे तुम्हाला नेता येत नाही.

आणि जिंकणं. हातोडा पडतो, पॅडल नंबर पुकारला जातो आणि एकदम शांत होतं. बाकीचे सगळे थांबले होते, ही जाणीव त्या शांततेत होते. इतक्या जाणकारांना ही वस्तू एवढ्याची वाटली नाही, फक्त मला वाटली. ही शंका मूर्खपणाची नाही. तेलक्षेत्रांच्या लिलावांवर केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये लिहिलं की खाली तेल किती याचा सगळे अंदाजच करत असताना जिंकतो तो, ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. तुम्ही पुन्हा विकण्यासाठी घेत असाल तर हा नियम तुमच्या मानगुटीवर बसलेला आहे आणि आकडा त्या हिशेबाने खाली आणायला हवा. सर्वांत वरच्या पातळीवरही हे चुकत नाही: तेच मॅजेंटा तिकीट २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरना गेलं आणि २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना.

पण तुम्ही संग्राहक आहात. तुमच्या मालिकेतली एकच जागा रिकामी असेल तर त्या नाण्याची तुम्हाला असलेली किंमत ही दुसऱ्या कुणाला असणारच नाही. बाकीचे थांबले यात तुमची चूक दिसत नाही, त्यांच्याकडे तुमचा अल्बम नाही एवढंच दिसतं. म्हणून आकडा ठरवतानाच दोन भाग करून लिहा: उद्या विकायची वेळ आली तर किती येतील, आणि त्यावर माझ्या हौसेचे किती. हौसेचा भाग हा खर्च आहे, तो परत येणार नाही असं धरूनच द्यायचा. या दोन भागांची सरमिसळ झाली की रात्रीचा पश्चात्ताप येतो, कारण हौसेत घातलेले पैसे मन गुंतवणुकीच्या खात्यात शोधत बसतं.

जिंकल्याच्या दिवशी भाव शोधू नका. 'तेच नाणं मागच्या वर्षी कितीला गेलं' ही शोधाशोध लिलावाआधी व्हायला हवी होती. आता ती फक्त जखम कुरतडते. पार्सल आल्यावर आधी वर्णनाशी ताडून बघा, कारण तक्रार करण्याची मुदत सहसा छोटी असते. काही खटकलं तर 'पदरी पडलं पवित्र झालं' करत गप्प बसू नका, मुदतीत लेखी कळवा. त्यानंतर येणारं थोडं रितेपण मात्र कुणालाच चुकत नाही. महिनोन्महिने शोधलेली वस्तू समोर असते आणि शोधायचं संपलेलं असतं. त्यावर दुसरा लॉट घेणं हा इलाज नाही. मी त्या दिवसांत नव्या वस्तूची नोंद लिहितो: आधी कुणाकडे होती, कोणत्या संग्रहातून आली, छपाईचा कोणता प्रकार. लिहिता लिहिता ती खरी आपली होते.

आता स्वभावाचं. धडधड होणं, हळहळणं, रात्री जागणं यावरून 'माझा स्वभाव लिलावाचा नाही' असं ठरवू नका. ते सगळ्यांना होतं, जुन्यांनाही. मी दुसऱ्याच खुणा बघतो. उसने पैसे घेऊन बोली लावली का? खरेदीचा खरा आकडा घरच्यांना सांगताना कमी करून सांगावा लागतो का? आलेली पार्सलं न उघडता पडून आहेत का? वस्तूपेक्षा लिलावाचा दिवस हवाहवासा वाटतो का? यातलं एक जरी वारंवार होत असेल तर आकड्याच्या कसरती पुरणार नाहीत. मग काही काळ सभागृहही नको आणि वेबसाइटही नको, आणि याबद्दल कुणाशी तरी मोकळेपणाने बोला. समुपदेशकाशी बोललात तर उत्तम, कारण जुगाराच्या सवयीवर जे उपाय चालतात त्यांतले काही इथेही उपयोगी पडू शकतात.

तसं काही नसेल तर पुढच्या काही लिलावांसाठी एक वही ठेवा. प्रत्येक लॉटपुढे आदल्या दिवशीचा आकडा, प्रत्यक्ष लावलेली शेवटची बोली आणि महिन्याभराने त्या लॉटबद्दल काय वाटतं ते एका ओळीत. गेलेल्यांचीही नोंद करा, मिळालेल्यांइतकीच. मिळालेल्या लॉटपुढे वारंवार 'जास्त दिले' दिसलं तर तुमचे आकडे फुगलेले आहेत. गेलेल्यांपुढे वारंवार 'घ्यायला हवं होतं' दिसलं तर तुम्ही अजूनही अपेक्षाच घेऊन जाताय, आणि तुमच्या प्रश्नावरून माझा अंदाज या दुसऱ्याकडेच आहे.